रोटरी इंजिनच्या विमानासाठी ऑइल सम्प स्वतः बनवताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकचा, अंबड एमआयडीसीत टूलरूममध्ये काम करतो आणि घरी दोन सीटचं विमान बांधतोय, इंजिन माझदाचं १३बी रोटरी (पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतात). विमान अजून उडालेलं नाहीये, पण इंजिन दिंडोरी रोडला मित्राच्या मळ्यात टेस्ट स्टँडवर चालतंय. त्याचा ऑइल सम्प मी दोनदा बनवला, पहिला वाया गेला. त्यानंतर बऱ्याच जणांनी तेच तेच प्रश्न विचारले म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

सम्प म्हणजे आपल्या गॅरेजमधलं चेंबर ना?

हो, तेच. इंजिनच्या तळाला बोल्टने बसवलेला पत्र्याचा डबा. तेल वरून गळून त्यात जमतं, पंप ते तिथून उचलून कूलरला पाठवतो, तिथून फिल्टर आणि मग बेअरिंग. काम एवढंच, पण पंपाच्या तोंडाशी कायम तेल हवं, हवा नको. बाकीचे सगळे प्रश्न शेवटी याच एका गोष्टीवर येतात.

मग गाडीचंच चेंबर लावलं तर काय बिघडतं?

काहींना ते चालतंही, आधी आपल्या काउलिंगमध्ये (इंजिनभोवतीच्या आवरणात) बसवून बघा. पण गाडीचं चेंबर गाडीच्या हिशोबाने बनवलेलं असतं, खाली क्रॉसमेंबर असतो, स्टिअरिंग असतं, त्यांच्यासाठी जिथे जागा सोडली तिथे ते उथळ आणि उरलेल्या ठिकाणी खोल. विमानात त्या गोष्टी नाहीत, तिथे काउलिंगचा तळ आडवा येतो, इंजिन माउंटचे पाइप येतात, एक्झॉस्ट येतो. माझदाच्याच आरएक्स-८ गाडीच्या रेनेसिस इंजिनचा पॅन (चेंबर) मुळातच उथळ आहे, ते इंजिन असेल तर कदाचित नवीन बनवायची गरजच पडणार नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गाडीत इंजिनचं पुढचं तोंड पुढे असतं, आणि पुढे प्रोपेलर असलेल्या विमानात तेच इंजिन उलटं बसतं, फ्लायव्हीलची बाजू प्रोपेलरकडे आणि फ्रंट कव्हर फायरवॉलकडे (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीकडे). ऑइल पंप फ्रंट कव्हरमध्येच असतो. म्हणजे ब्रेक मारल्यावर, चढावर, उतारावर तेल कुठे पळणार याचा गाडीसाठी केलेला सगळा विचार विमानात उलटा होतो.

पिस्टन इंजिनच्या सम्पपेक्षा रोटरीचा वेगळा का?

पिस्टन इंजिनमध्ये क्रँक सम्पच्या डोक्यावर फिरत असतो आणि तेल घुसळतो, म्हणून तेलाची पातळी त्याच्यापासून लांब ठेवावी लागते. रोटरीत एक्सेंट्रिक शाफ्ट (क्रँकच्या जागचा मुख्य दांडा) हाउसिंगच्या आत बंद असतो, सम्पमध्ये काहीच फिरत नाही, तेल फक्त वरून साइड हाउसिंगच्या भोकांमधून खाली पडतं. त्यामुळे उथळ पण रुंद सम्प इथे जमतो, आणि विमानाला तेच हवं असतं.

पण रोटरीत तेल नुसतं वंगण नाही, कूलंट पण आहे. शाफ्टमधल्या जेटमधून रोटरच्या पोटात तेल फवारलं जातं, आणि पाणी व तेल मिळून जेवढी उष्णता इंजिनमधून बाहेर काढतात त्यातली साधारण एक तृतीयांश तेलातून जाते. म्हणजे तेल भरपूर फिरतं, गरम होऊन येतं आणि फेसाळून येतं. समजा पंप मिनिटाला ४० लिटर तेल फिरवतोय आणि सम्पमध्ये ४ लिटर आहे, तर प्रत्येक थेंबाला सम्पमध्ये सरासरी सहा सेकंद मिळतात, तेवढ्यात त्यातले बुडबुडे वर येऊन फुटायला हवेत. म्हणून तेल पडतं तिथेच पिकअप (पंपाला तेल देणाऱ्या पाइपचं तोंड) ठेवू नका, मध्ये एक तिरपा पत्रा द्या, तेल त्यावरून पातळ थराने ओघळू दे, हवा सुटते.

उडताना तेल कुठे कुठे पळतं?

हा भाग कागद पेन्सिल घेऊन वाचा, कारण मी पहिल्या वेळी इथेच चुकलो.

समजा सम्प आतून ४०० मिमी लांब, २०० मिमी रुंद आहे आणि इंजिन चालू असताना त्यात ४ लिटर तेल आहे. सपाट असताना तेलाची उंची ५० मिमी. आता विमानाचं नाक १० अंश वर केलं, तर ४०० मिमीमध्ये पातळीत ७० मिमी फरक पडतो, म्हणजे फायरवॉलच्या टोकाला ८५ मिमी आणि प्रोपेलरच्या टोकाला १५ मिमी. १४ अंशाला प्रोपेलरकडचं टोक कोरडं पडायला लागतं. पंप फायरवॉलकडे असल्यामुळे चढताना मजाच आहे, तेल आपणहून पंपाकडे येतं. टेकऑफला रनवेवर धावताना ०.३ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.३ पट) त्वरण मिळालं तरी तेल मागेच जातं, १६-१७ अंशाचा उतार असल्यासारखं.

घोळ उतरताना होतो. नाक खाली करून ग्लाइड करताना तेल प्रोपेलरकडे जातं, पंपापासून लांब. लँडिंगनंतर चाकांचे ब्रेक ०.४ जी ने मारले तर सपाट रनवेवर सुद्धा तेलाला २२ अंश उतार असल्यासारखा वाटतो. माझ्या पहिल्या सम्पमध्ये पिकअप एकदम फायरवॉलच्या टोकाला होता, पाइप आखूड राहतो म्हणून मी खूश होतो, पण हाच हिशोब उलटा केल्यावर लक्षात आलं की नाक १४ अंश खाली गेलं की पंप हवा खाणार.

उपाय साधा आहे, पिकअप लांबीच्या मध्यावर आणायचा. सपाट तळाच्या चौकोनी सम्पमध्ये तेलाची पातळी मधल्या रेषेभोवती झोके घेते, टोकं वरखाली होतात पण जोवर सगळा तळ तेलाखाली आहे तोवर मधली उंची बदलत नाही, १४ अंशालाही ५० मिमीच राहते. २२ अंशाला एक टोक कोरडं पडतं तरीही, भिंती पुरेशा उंच धरल्या तर, मध्ये साधारण ४६ मिमी तेल उरतं. हे आकडे पहिल्यांदा काढले तेव्हा मी दोनदा तपासले, एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

आणि वळताना? गाडीत तर वळणावर तेल बाजूला जातं.

नीट मारलेल्या वळणात जात नाही. घसरण दाखवणाऱ्या यंत्रातला बॉल मध्यभागी असेल तर वजन सरळ विमानाच्या तळाकडेच लागतं, ४५ अंश बँक केली (विमान बाजूला कलवलं) तरी तेल सम्पच्या तळाशीच दाबलेलं राहतं, फक्त १.४ पट जड होतं. आडवा त्रास होतो तो स्लिप करताना, म्हणजे क्रॉसविंड लँडिंगला किंवा उंची पटकन कमी करायला मुद्दाम बाजूला घसरतो तेव्हा. म्हणून रुंदीतही पिकअप मध्याजवळच ठेवा. रेसिंग गाडीच्या सम्पचे फोटो बघून आडव्या पार्टिशनचं जंगल उभं करू नका, तेल परत यायला उशीर होतो आणि साफ करता येत नाही.

किती लिटरचा सम्प करू?

चालू इंजिनमध्ये सम्पमध्ये किती उरतं तो आकडा धरा, ओतलं किती तो नाही. इंजिन चालू झालं की एक-दीड लिटर तरी गॅलऱ्यांमध्ये, रोटरच्या पोटात आणि भिंतींना लागून वरच राहतं, कूलर आणि होज वेगळे. मी चालू स्थितीत ४ लिटर उरेल असं धरलं. शिवाय १३बी तेल खातं, मीटरिंग पंप सम्पमधलंच थोडं थोडं तेल एपेक्स सीलसाठी (रोटरच्या टोकांवरच्या सीलसाठी) देत असतो, म्हणजे लांबच्या उड्डाणात पातळी उतरणारच. ज्यांनी तो पंप काढून पेट्रोलमध्येच टू-स्ट्रोक तेल मिसळायचं ठरवलंय त्यांना ही चिंता कमी. जास्त तेल म्हणजे जास्त वजन हे खरंय, पण एक लिटर म्हणजे साधारण ८५० ग्रॅम, मी वजन दुसरीकडे वाचवलं.

पिकअप कसा असावा?

पाइपचा आतला व्यास मूळ पिकअपपेक्षा कमी नको, काटकोनी वळणं नकोत. तोंड रुंद करून त्यावर जाळी. तळापासून ८-१० मिमी वर, म्हणजे तीन सूत. फार खाली टेकवला तर तेल यायला वाट कमी, फार वर ठेवला तर तळातलं तेल कामाचं नाही. पिकअप मध्यावर आणला की पाइप लांब होतो, त्याला मध्ये ब्रॅकेटचा आधार हवाच, नाहीतर कंपनाने फ्लँजजवळ तडा जाईल. आणि फ्लँजचं पॅकिंग नवीन टाका. तिथे बारीक फट राहिली तर तेल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते, बाहेरून काहीच दिसत नाही आणि प्रेशरचा काटा मात्र थरथरतो.

पिकअपभोवती छोटी पेटी करून तिला आत उघडणाऱ्या झडपा लावल्या तर तेल आत येतं पण पटकन बाहेर जात नाही. मी दोन झडपा लावल्यात, बिजागिरीची पिन दोन्हीकडून वेल्डने अडकवलीय. सुटून पडेल असं काहीही सम्पच्या आत ठेवायचं नाही.

डिझाइन बरोबर आहे हे उडण्याआधी कसं कळणार?

तिरपं करून बघायचं. माझं एवढं एकच ऐका, बाकी काही नाही ऐकलंत तरी चालेल.

मी सम्पचा पूर्ण मापाचा नमुना ५ मिमी ॲक्रिलिकमध्ये चिकटवून बनवला. तो एका फळीवर, फळीला एका बाजूला बिजागिरी, दुसऱ्या बाजूला गाडीचा जॅक, आणि कोन मोजायला मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप. आत खरा पिकअप, त्याला बाहेरून छोटा गिअर पंप जोडला, पंपातून निघालेलं तेल परत वरून सम्पमध्ये, जिथून इंजिनमध्ये पडतं साधारण तिथूनच. पिकअपनंतरचा थोडा पाइप पारदर्शक ठेवला, त्यात बुडबुडा दिसला की नापास.

तेल कुठलं हा प्रश्न होता, कारण गरम तेल पातळ असतं आणि ॲक्रिलिकमध्ये ९० अंशाचं तेल ओतता येत नाही. २०डब्ल्यू-५० तेल ९० अंशाला जेवढं पातळ होतं साधारण तेवढंच पातळ व्हीजी २२ ग्रेडचं हायड्रॉलिक तेल ४० अंशाला असतं. आणि एप्रिलच्या दुपारी नाशिकला पत्र्याच्या शेडमध्ये ४० अंश आपोआपच मिळतं! दुपारी दोन ते चार टेस्ट केल्या.

प्रत्येक कोनाला दोन मिनिटं थांबायचं, तेल अर्धा अर्धा लिटर कमी करत जायचं आणि कुठल्या कोनाला किती तेलावर पहिला बुडबुडा आला ते वहीत लिहायचं. मधल्या पिकअपचा नमुना २० अंश नाक खाली असताना अडीच लिटरवरही बुडबुडा न येता चालला, आणि फायरवॉलच्या टोकाचा जुना पिकअप चार लिटर असूनही १५ अंशाच्या आतच हवा ओढायला लागला. ब्रेकचे झटके मात्र या फळीवर कळत नाहीत, ते मी फळी एकदम सोडून ढोबळ बघितलं.

पत्रा कुठला आणि वेल्डिंग कुणाकडून?

दोन रस्ते आहेत. १.६ मिमी माइल्ड स्टील, जड पण कुणीही वेल्ड करतो आणि उष्णतेला घाबरत नाही. किंवा ३ मिमी ॲल्युमिनियम, ५०५२ किंवा ६०६१, वर इंजिनला बसणारा त्याचाच जाड फ्लँज (बोल्टची कड). २०२४ चा पत्रा विमानाचा म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका, तो इथे वेल्डिंगच्या कामाचा नाही. ५०८३ सुद्धा टाळा, त्यात मॅग्नेशियम ३ टक्क्यांच्या वर असतं आणि असे मिश्रधातू सतत ६५ अंशाच्या वर राहिले की ताणाखाली गंजून तडकू शकतात. हाच नियम फिलर रॉडला. बहुतेक वर्कशॉपमध्ये ५३५६ चा रॉड ठेवलेला असतो आणि वेल्डर तोच उचलतो, पण गरम तेलाच्या डब्याला ६०६१ साठी ४०४३ मागा. माझ्यासमोर पाकीट फोडलं तेव्हाच मी काम सुरू करू दिलं.

पहिला सम्प वाया गेला तो वेल्डिंगमध्येच. फ्लँज आधी मिलिंगवर सपाट करून घेतला, सगळी भोकं पाडली आणि मग वेल्ड केला. थंड झाल्यावर सरफेस प्लेटवर ठेवला तर मध्ये दीड मिमी फट. वेल्डरची चूक नव्हती, क्रम माझाच चुकला होता. दुसऱ्या वेळी फ्लँज १२ मिमीचा घेतला, जाड प्लेटवर घट्ट आवळून थोडं थोडं एकाआड एक बाजूने टाके मारत वेल्ड केला आणि सगळं झाल्यावर फेस मारून १० मिमीवर आणला, भोकं शेवटी. ६०६१-टी६ वेल्डच्या शेजारी बराच मऊ पडतो हेही लक्षात ठेवा, म्हणून जोड कोपऱ्यात न आणता पत्रा बेंड करून कोपऱ्यापासून थोडा लांब घ्या.

गळती तपासायला जुनी पद्धतच बेस्ट, बाहेरून वेल्डवर खडूची पूड पाण्यात कालवून लावा, वाळू द्या, आतून रॉकेल फिरवा, रात्रभर ठेवा. जिथे खडू ओला तिथे भोक. आमच्याकडे दोन ठिकाणी निघालं.

१३बी चं चेंबर गळतंच असं म्हणतात, खरंय?

बऱ्याच जणांचं गळतं. कारण सम्प जिथे बसतो तो तळ एका तुकड्याचा नाहीच, बिडाची साइड हाउसिंग, ॲल्युमिनियमची रोटर हाउसिंग, पुन्हा बीड, अशी चळत आहे आणि पुढे फ्रंट कव्हर. गरम झाल्यावर बीड आणि ॲल्युमिनियम वेगवेगळे पसरतात आणि जोडांवर बारीक पायऱ्याही असतात. मूळ पातळ पत्र्याचा फ्लँज बोल्टच्या मध्ये वाकतो, जाड फ्लँजचा इथे खरा फायदा होतो. तळ ॲसिटोनने पुसून कोरडा करा, चांगलं ऑइल-प्रूफ सिलिकॉन बारीक सलग ओळीत, जोडांवर किंचित जास्त, बोल्ट हाताने लावून तासभर थांबा आणि मग टॉर्क. जास्त सिलिकॉन लावू नका, आत निघालेली शेवळासारखी दोरी तुटून पिकअपच्या जाळीवर जाऊन बसते.

अजून एक, रिअर हाउसिंगच्या खालून प्रेशर रेग्युलेटर सम्पमध्ये उतरलेला असतो. नवीन सम्पचा पत्रा किंवा पार्टिशन त्याला लागत नाही ना ते मातीचा गोळा ठेवून बघा.

एक्झॉस्ट जवळ आहे, चालेल?

१३बी चे एक्झॉस्ट पोर्ट खालच्या बाजूलाच, सम्पच्या शेजारी उघडतात आणि रोटरीचा धूर पिस्टन इंजिनपेक्षा जास्त गरम, ९०० अंशाच्या आसपास जाऊ शकतो. ॲल्युमिनियमचा मिश्रधातू ६०० अंशाच्या जवळ मऊ होऊन वितळायलाच लागतो. त्या बाजूला स्टेनलेसची शील्ड, मध्ये किमान १५-२० मिमी हवा, आणि काउलिंगमधली थंड हवा त्या फटीतून जाईल असं बघा. ड्रेन प्लग, सेन्सर, होजचे जोड एक्झॉस्टच्या बाजूला अजिबात नकोत. गळालेला एक थेंब सुद्धा तिथे आग लावतो. ओझरला एचएएलमधून रिटायर झालेले एक काका माझं काम बघायला येतात, त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता, आणि दुसरा, ड्रेन प्लगला लॉकवायर (प्लग सैल होऊ नये म्हणून बांधायची तार) कुठे आहे.

इंजिन सम्पवरच टेकवलं तर माउंट सोपा होईल ना?

पत्र्याच्या सम्पवर नाही. काहीजण इंजिन आणि सम्पच्या मध्ये जाड ॲल्युमिनियमची प्लेट घालतात आणि माउंट त्या प्लेटला जोडतात, ते चालू शकतं, पण मग ती प्लेट हा विमानाचा स्ट्रक्चरल भाग झाला, तिचा हिशोब तसाच करायला हवा आणि तिच्या दोन्ही बाजूंना गळतीचे जोड वाढतात. मी तो मार्ग घेतला नाही.

ड्राय सम्प (तेल वेगळ्या टाकीत ठेवायची पद्धत) घेतला तर हे सगळं वाचेल का?

उलटं उडायचं असेल, एरोबॅटिक्स करायचे असतील तर ड्राय सम्पच हवा, कारण निगेटिव्ह जी मध्ये तेल छताला जातं आणि वर लिहिलेल्यातलं काहीच कामाला येत नाही. नाशिकहून शिर्डी, धुळे असं सरळ उडणाऱ्याला वेगळी टाकी, तेल तिच्यात परत पाठवणारा स्कॅव्हेंज पंप, त्याचा पट्टा, चार जास्तीचे होज आणि आठ जास्तीचे जोड कशाला. त्यातला एक पट्टा तुटला की इंजिन गेलं.

तेलाचं तापमान सम्पमुळे कमी होईल का?

थोडंसं. खाली फिन लावून खूप फरक पडेल ही आशा सोडा, काम कूलरच करतो. ४० लिटर मिनिटाला आणि कूलरमध्ये २५ अंश उतरतंय असं धरलं तर जवळपास २८ किलोवॅट उष्णता होते, ती सम्पच्या पत्र्यातून जाणार नाही. मी ८० ते ९५ अंश धरून चालतो आणि १०५ च्या वर इंजिन बंद करतो. आपल्याकडे उन्हाळ्यात ४० अंश आणि जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर, म्हणजे इंजिन आणि कूलर दोघांनाही साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखी पातळ हवा मिळते. कूलर त्या दिवसासाठी निवडा, डिसेंबरसाठी नाही. तापमानाचा सेन्सर सम्पमध्ये एक आणि कूलरनंतर एक, दोन्ही हवेत.

परवानगीचं काय?

डीजीसीएच्या (केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परवानगीशिवाय उडता येत नाही, आणि त्यात वेळ जातो. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली, त्यामागे कित्येक वर्षांची धडपड होती. सम्पच्या बाबतीत सांगायचं तर ड्रॉइंग, पत्र्याचं मटेरियल सर्टिफिकेट, फिलर रॉडचं पाकीट, तिरपं करून केलेल्या टेस्टची वही आणि फोटो, सगळं तारीख टाकून ठेवा. नंतर आठवून लिहिता येत नाही.

डिपस्टिकवर खुणा कशा करायच्या?

गाडीच्या डिपस्टिकच्या खुणा विसरा. माझं विमान टेलड्रॅगर (तिसरं चाक शेपटीखाली) आहे, जमिनीवर उभं असताना नाक ११-१२ अंश वर असतं, त्यामुळे तेल सगळं फायरवॉलकडे जमतं आणि तिथे काडी घातली तर तेल भरपूर दिसतं. विमान त्याच अवस्थेत उभं करा, सम्प पूर्ण रिकामा करा, मग अर्धा अर्धा लिटर ओतत प्रत्येक वेळी काडीवर कानशीने खूण करा. नंतर शेपूट स्टँडवर उचलून, विमान उडतानाच्या लेव्हलला आणून काडीच्या दुसऱ्या बाजूला तशाच खुणा करा. इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटं थांबूनच बघायचं, निफाडकडे डिसेंबरात पहाटे पारा पाच अंशाच्या आसपास जातो तेव्हा तर अजून जास्त, थंड तेल वरून उतरायला फार वेळ घेतं.